मामाजी, फोन बंद करा

पुण्यातली नोकरी सोडून मी अमरावतीला परत आले तेव्हा नातेवाइकांनी माझी कीव केली. कीव करून घ्यायची मला सवय नाही, म्हणून मी लगेच दुसरं काम धरलं. आठवड्यातून तीन दिवस बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि अकोल्याच्या एका कम्युनिटी कॉलेजात सायबर सुरक्षेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम शिकवायचा. अभ्यासक्रम कुणीतरी दूर कुठेतरी एसीत बसून लिहिलेला. त्यातली उदाहरणं सगळी कंपन्यांची. साहेबाच्या नावाने आलेली खोटी ईमेल, परदेशी ग्राहकाचं खोटं बिल. माझ्या वर्गातल्या निम्म्या जणांनी ईमेल फक्त फॉर्म भरण्यापुरती उघडली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ती पानं वाचायचे आणि तिथून पुढे त्यांना शिव्या घालायचे.

एके दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'अनोळखी माणसाची फाइल उघडू नये'. दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, अन् वळखीच्याच माणसाच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली तं?"

विचारणारी बाळापूरची एक सून होती. मी म्हटलं, खात्री नसेल तर तीही उघडू नये. वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी जेवणाच्या पंगतीतून कुणाला उठवलं होतं. आमच्या वऱ्हाडात पत्रिका न बघणं म्हणजे सोयऱ्याच्या तोंडावर दार लावणं. कापड दुकानदाराची मुलगी म्हणाली, "आमच्यातही तसंच हाये मॅडम. शादीचं कार्ड नाई पाह्यलं तं खाला वर्षभर बोलत नाई." मी पुण्यात पंधरा-वीस वर्षं घालवून हे साफ विसरले होते. मग तासभर आमचा वाद झाला आणि शेवटी बाळापूरच्या सुनेनेच तोड काढली. पत्रिका आली की आधी पाठवणाऱ्याला फोन करायचा, तोंडी आवतन घ्यायचं, आणि मगच पत्रिका उघडायची. मानही राहतो आणि फोनही. मी अभ्यासक्रमाचं ते पान बाजूला ठेवलं आणि हेच शिकवायला लागले.

या सुनेला सासऱ्यांनी स्वतः प्रवेशाला आणलं होतं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. ती त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभी. त्यांनी मला विचारलं, "हे शिकून माणूस काय करते?" मी सांगितलं, लोकांचे फोन आणि बँकेतली खाती चोरांपासून राखतो. "म्हंजे जागल्याचं काम," ते म्हणाले. "घ्या मंग तिचं नाव लिवून. पन एक सांगून ठेवतो मॅडम. माह्या भावांले हे पसंत नाई. हिच्यापायी चारचौघांत मले मान खाली घालाची पाळी आली, तं त्या दिवसापासून शिक्षण बंद."  मला ही अट ऐकूनच राग आला होता. पण प्रवेश तर झाला होता, म्हणून मी जिभेला लगाम घातला.

लग्नसराई आणि तुरीचा हंगाम एकदमच आले. परीक्षा तोंडावर होती. त्या दुपारी प्रात्यक्षिक चालू असताना तिच्या फोनवर पत्रिका आली. पाठवणारे तिचे सासरे. ती माझ्याकडे फोन घेऊन आली. "मॅडम, आमच्या घरी तं कोनाचंच लगन नाई."

मी फाइलचं नाव बघितलं, शेवटी 'apk' होतं. ती पत्रिका नव्हतीच, ते फोनमध्ये घुसणारं ॲप होतं. म्हणजे कुणीतरी ते सासऱ्यांना पाठवलं होतं, त्यांनी ते मान राखून उघडलं होतं, विचारलं त्या सगळ्याला 'हो' म्हटलं होतं, आणि आता त्यांच्याच फोनवरून ते साऱ्या गणगोतात चाललं होतं. बँकेचे येणारे मेसेजही आता चोर वाचत असणार. तुरीचे पैसे नुकतेच खात्यात जमा झाले होते, हे ती मला आदल्याच आठवड्यात बोलली होती.

तिने फोन लावला. सासरे बाजार समितीच्या यार्डात होते. मागे हर्रासाचा, म्हणजे लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"मामाजी, तुमी आत्ता पत्रिका उघडली काय?"

"हो ना. मुकिंदाच्या... थांब, कोनाची होती बरं? उघडूनच नाई राह्यली ते."

"मामाजी, फोन बंद करा."

"काहून? हर्रास चालू हाये. अडत्या भाव सांगून राह्यला."

"भाव मंग पाहा. आधी फोन बंद करा."

"अवो, पन झालं काय?"

तेव्हा ती ओरडली. डोक्यावर पदर घेणारी ती बाई, भर वर्गात, सासऱ्यांवर ओरडली. "बोलू नका! एक शब्द बोलू नका! पत्रिका खोटी हाये, चोराची हाये! बाजूचं बटन दाबून धरा अन् बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

पलीकडचा गलका एकाएकी थांबला आणि फोन कटला.

त्यांनी ऐकलं म्हणून बंद केला की रागाने तोडला, हे कळायला मार्ग नव्हता. तिने पुन्हा लावला. फोन बंद असल्याचं ठराविक वाक्य ऐकू आलं आणि आख्ख्या वर्गाने श्वास सोडला. तिने लगेच नवऱ्याला फोन करून बँकेत पिटाळलं, खातं गोठवायला लावलं, सासऱ्यांच्या फोनमधलं सिम काढायला सांगितलं. एक पायरी चुकली नाही. मी नुसती शेजारी उभी होते. नवऱ्याचा फोन आला, पैसे जागेवर होते. मला इतकं हायसं वाटलं की मी सगळ्यांना चहा सांगितला.

तिने चहा घेतला नाही. ती खुर्चीवर बसून रडायला लागली. "मॅडम, मामाजी फोन सदा स्पीकरवर ठेवतात. यार्डात सारे बसून असतात. माहे चुलतसासरे बी."

आता माझ्या ध्यानात आलं, गलका का थांबला होता. साऱ्या बाजाराने सुनेला सासऱ्यावर ओरडताना ऐकलं होतं. याहून जास्त मान खाली कशी घालायची असते? पैसे वाचवले आणि त्याच तोंडाने शिक्षण घालवलं. ती संध्याकाळच्या बसने गेली तेव्हा मी तिला धीराचं एकही वाक्य बोलू शकले नाही. खोटा धीर देणं मला जमत नाही.

पुढच्या तासाला तिची जागा रिकामी होती. मी हजेरी घेतली, फळ्यावर काहीतरी खरडलं, दोघांना उगाच झापलं. चूक त्यांची नव्हती, पण राग काढायला बाळापूर दूर होतं. मग दार वाजलं. ती होती, आणि तिच्यापुढे सासरे.

"मॅडम," ते दारातूनच गरजले, "काय शिकवून राह्यल्या तुमी माह्या सुनेले? साऱ्या यार्डात मले दम देते!"

मी भांडायला कंबर कसली. तेवढ्यात ते आत आले, टोपी काढून बाकावर टेकले. आवाज खाली आला. "तिचं ओरडनं आयकलं ना, तं बाजूच्या सहा-सात जनांचे हात जागीच थांबले. माह्याच नंबरवरून त्यांच्या फोनवर पत्रिका जाऊन पडली होती. एकानं बी उघडली नाई. माहा धाकला भाऊ तं उघडतच होता." टोपी झटकत म्हणाले, "त्यानंच सांगतलं, दादा, सुनेचं शिक्षण बंद नको करू."

मला रडू आलं आणि मी ते खोकल्यावर ढकललं. तिला परीक्षेला बसता येणार होतं. पण सासरे तेवढ्यावर थांबणारे नव्हते. यार्डातल्या लोकांना हे सगळं समजून घ्यायचं होतं, आणि ते मॅडमकडून नाही, सुनेकडून.

परीक्षेनंतरच्या बाजाराला मी बाळापूरला गेले. हर्रास संपला होता. तुरीच्या पोत्यांवर माणसं बसली होती, पुढे तिचे चुलतसासरे. ती ओट्यावर उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात फोन. इतक्या बाप्या माणसांपुढे तिचा आवाज फुटेना. पहिली दोन वाक्यं तर मलाही ऐकू आली नाहीत. लोक चुळबुळ करायला लागले.

सगळ्यात मागच्या पोत्यावरून सासरे उठले.

"जोरानं बोल बाई," ते म्हणाले. "मले बोलली होती तसं."