जुम्म्याचा तारा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कळंबच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि जी काही सहनशीलता अंगात आहे ती पाचव्या तासापर्यंत संपते. आई गेल्यावर अब्बांना कन्हेरीहून अंथुर्ण्याला माझ्या घरी आणलं. त्यांना वेळेवर जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते, पण त्यांच्याशी बोलत होते असं काही म्हणता येणार नाही. एकच गोष्ट त्यांनी दोनदा विचारली की मी खेकसायचे. मग ते विचारायचेच नाहीत.

अब्बांनी सारा जन्म बारामतीत शिलाईकाम केलं. सुईत दोरा ओवताना त्यांनी कधी डोळे बारीक केलेले मी पाहिले नाहीत. रमजान संपत आला की चंद्र बघायला सगळे गच्चीवर चढायचे, पण पहिलं बोट वर जायचं ते अब्बांचं. बारामतीतले ओळखीचे दुकानदार फोन करून विचारायचे, "मास्टर, दिसला का?" अब्बा हो म्हणाले की तिकडे शिरखुर्म्याची तयारी सुरू.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि मला वर्गात दाखवायला एका रूपविकारी ताऱ्याचा आलेख हवा होता. रूपविकारी म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं तो. श्रवण ताऱ्याच्या खालच्या अंगाला, गरुड तारकासमूहातच, ईटा नावाचा असा एक तारा आहे. साध्या डोळ्यांनी दिसतो. पुस्तकातला आलेख पोरांपुढे धरायला मला लाज वाटते, म्हणून तो घरच्या गच्चीवरूनच काढायचं ठरवलं. माझा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. तेव्हा नजर अब्बांची आणि वही माझी, अशी वाटणी झाली.

काम सोपं होतं. ताऱ्याच्या आजूबाजूला दोन शेजारी धरायचे, एक ठळक आणि एक फिका. शेजाऱ्यांचं तेज बदलत नाही. आपला तारा आज कुणाच्या जवळ गेला, एवढंच सांगायचं. सुरुवातीचे काही दिवस मी शाळेतली दुर्बीण आणून पडताळून पाहिलं. अब्बा अगदी बरोबर सांगत होते. दुर्बीण परत कपाटात गेली.

मगरीबची नमाज पढून झाली की अब्बा वर यायचे. मी चटई टाकायची, ते बसायचे, मी शेजारी टेकायची.

"पण त्यो असा कमीजास्त का व्हतो?" एकदा त्यांनी विचारलं.

"फुगतो आणि आकसतो," मी सांगितलं. "आपल्या सूर्याहून कितीतरी पट मोठा आहे तो. आत हेलियमचा एक थर आहे. तो उष्णता अडवून धरतो, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखी. कोंडून कोंडून तारा फुगतो. फुगला की थर विरळ होतो, उष्णता निसटते, आणि तारा परत बसतो."

"म्हंजे तुझ्यागत," अब्बा म्हणाले. "कोंडायचं, फुगायचं, मग बसायचं."

मला हसू आलं. आई गेल्यानंतर त्या घरात आम्ही दोघं एकत्र हसलो ते बहुधा तेव्हाच. मग मी आणखीही सांगत बसले. असा तारा जितका सावकाश धडधडतो तितका तो मुळात तेजस्वी, म्हणून नुसत्या धडधडीवरून त्याचं अंतर काढता येतं. त्याचा जो उजेड आज आपल्या गच्चीवर पडतोय, तो कित्येक शतकांपूर्वी निघाला. अब्बा "सुभानअल्लाह" म्हणाले आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

"पुन्हा पुऱ्या तेजानं भरायला किती दिवस घेतो?"

"सात," मी तोडून टाकलं. तपासायच्या वह्या खाली वाट बघत होत्या.

पहिल्यांदा तो पूर्ण भरलेला दिसला तो शुक्रवार होता. पुढच्या शुक्रवारीही भरला. अब्बांनी त्याचं नाव जुम्म्याचा तारा ठेवलं. मग कारखाने सुरू झाले. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून रस्त्यानं जायच्या, त्यांच्या दिव्यांचा झोत गच्चीच्या कठड्यावर यायचा, मी वैतागायची. अब्बा मात्र शांतपणे वर तोंड करून सांगायचे, "आज धाकट्या शेजाऱ्यापाशी आलाय. लिव."

शाळेत मी तो आलेख मिरवला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. बघा, माझे अब्बा, या वयात, दुर्बिणीशिवाय.

डिसेंबर लागल्यावर मी तो फळ्यावर चिकटवला आणि खाली ताऱ्याचा आवर्तनकाळ लिहायला लागले. सात दिवस आणि चार तास. खडू तिथंच थांबला. दर आठवड्याला चार तास म्हणजे दहा आठवड्यांत पावणेदोन दिवस. भरण्याचा दिवस शुक्रवारवरून सरकून रविवारी यायला हवा होता. अब्बांच्या आलेखात तो एकदाही सरकला नव्हता. प्रत्येक शुक्रवारी, न चुकता, पूर्ण तेज. ते चार तास मी त्यांना सांगितलेच नव्हते.

तो दिवसही शुक्रवारच होता. मी दुर्बीण पिशवीत घालून घरी नेली. गच्चीवर नेहमीसारखी चटई टाकली, अब्बा बसले, वर पाहिलं.

"भरलाय आज," ते म्हणाले. "लिव."

मी दुर्बीण लावली. तारा धाकट्या शेजाऱ्याइतका फिका होता. मग दुर्बीण बाजूला केली आणि श्रवणाकडे बोट दाखवलं. श्रवण माझ्यासारख्या आंधळीलाही दिसतो.

"अब्बा, मी कुठल्या ताऱ्याकडं बोट केलंय?"

ते आकाशाकडं बघत राहिले. माझं बोटच त्यांना अंधारात दिसत नव्हतं.

माझा आवाज चढलाच. "अडीच महिने! मला खोटं लिहायला लावलंत! डोळे जात होते आणि सांगायला तोंड नव्हतं का?"

अब्बांनी मान खाली घातली. "पयला म्हैना दिसत व्हता. मग शेजारी गेले, मग त्यो बी गेला. मग म्या जुम्मे मोजले."

"पण का?"

"दिसत न्हाय म्हनलो असतो तर तू वर आली नसतीस."

खरंच आले नसते. वही मिटली असती, डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणली असती, आणि खाली वह्या तपासत बसले असते. मी त्यांचा हात धरला आणि रडले. अब्बा दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत म्हणाले, "पोरांचा आलेख बिघाडला व्हय गं?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिरापर्यंत थांबायचं नव्हतं. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी नीट बोलले नाही, आणि या वेळी राग सगळा माझ्यावरच होता.

जानेवारीत बारामतीला पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी समोर उभी होते. अब्बा डोळा मिचकावत माझ्याकडं बघत राहिले.

"केस पिकले की गं तुजे," ते म्हणाले. "कवा पिकले?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एका संध्याकाळी मी चटई घेऊन गच्चीवर गेले. अब्बा मागून कठडा धरत आले. पश्चिमेला त्यांनी बराच वेळ शोधलं.

"जुम्मेवाला कुठाय?"

"सूर्यापाशी गेलाय. आता पावसाळ्यापर्यंत संध्याकाळचा दिसायचा नाही."

"मग वर कशाला आलीस?"

"तुमच्यापाशी बसायला."

अब्बा चटईवर थोडं सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.