कॉलरच्या आतला गोल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या काकांनी तीस वर्षांत कुणाचा कपडा कुणाला दिला, असं कधी झालं नाही. वही नाही, चिठ्ठी नाही. कॉलरच्या आत पक्क्या काळ्या शाईची बारीक खूण. आमच्या घराची दोन टिंबं आणि रेघ, समोरच्या डॉक्टरांची फुली. स्वतःच्या घरच्या कपड्यांवरसुद्धा ते खूण करायचे, एक गोल. काकू हसायच्या, "अहो, आपले कपडे काय घरातल्या घरात हरवणारेत?"

"हात राहत नाही गं," काका म्हणायचे.

निवडणुकीच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी बाजारातलं औषधांचं दुकान पेटवलं गेलं. आत मालक होता आणि त्याची सून. दोघंही गेली. सहा महिन्यांनी सरकारी चौकशी आयोग आला, शाळेच्या सभागृहात बसला. जखमा भरून यायच्या तर आधी खरं बाहेर यायला हवं, असं बाहेर फलकावर लिहिलं होतं. राखेत अर्धवट जळलेला एक शर्ट सापडला होता. त्याची खूण ओळखायला काकांना बोलावणं आलं. सोबत कॉलरचा फोटो. गोल.

काकांनी तो फोटो आपल्या धाकट्या भावासमोर धरला. आईवडील गेल्यावर नऊ वर्षांच्या त्या पोराला काका-काकूंनीच वाढवलं होतं. पुढचं काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मला सांगितलं.

"दादा, असा गोल कुणीही काढेल."

"मनगट दाखव."

"इस्त्रीचा चटका आहे. तेव्हाच सांगितलं होतं ना?"

"इस्त्रीचा चटका कसा असतो, ते तू मला शिकवतोस?"

मग धाकटा म्हणाला, "आम्हाला पेट्रोल आणून देणारे वेगळेच होते. त्यांची नावं बाहेर आली तर आपलं घर राहत नाही, दादा."

दुसऱ्या दिवसापासून एक मोटारसायकलवाला यायला लागला. हेल्मेट काढायचा नाही. शर्ट द्यायचा, तोही कडक इस्त्री केलेला.

"घडीसुद्धा मोडली नाही याची. देता कशाला?" काकांनी विचारलं.

"तुमच्या हाताचं नाव ऐकलंय. फक्त खूण करू नका."

आठ दिवस तोच शर्ट येत होता. काका खूण न करता इस्त्री फिरवत होते. काकूंचं जेवणावरचं मन उडालं होतं. दोनदा माझ्याकडे येऊन, काय मागायला आल्या तेच विसरल्या.

साक्षीच्या दिवशी सभागृह भरलेलं. आयोगाच्या बाईंनी जळका शर्ट पुढे केला. काकांनी कॉलर उलटली, अंगठ्याने पुसली.

"खूण माझ्या हातची. शर्ट माझ्या धाकट्या भावाचा."

"इतकी खात्री कशावरून?"

"माझा गोल कधी पुरता मिटत नाही, बाई. डाव्या अंगाला केसाएवढी फट राहते."

काकूंनी पदर तोंडात धरला. मागच्या रांगेतून धाकटा उठला आणि स्वतःच पोलिसांजवळ जाऊन उभा राहिला. त्याची साक्ष येत्या परवा ठरली आहे. तेव्हा पेट्रोल देणाऱ्यांची नावं बाहेर येणार.

आज सकाळी दुकानाच्या कुलपाला मोटारसायकलवाल्याचा तोच शर्ट अडकवलेला होता. काकांनी कॉलर उलटली. आत काळ्या शाईचा गोल.

"अहो, जाळा तो मेला शर्ट!" काकू किंचाळल्याच.

काकांनी चष्मा लावून निरखून पाहिलं. "पुरता मिटलाय. फट नाही. माझा नव्हे हा." त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळला. "आयोगाला दाखवून येतो."

"एकटे?" म्हणत काकूंनी पायात चपला सरकवल्या. मी वरच्या खिडकीतून पाहत होते; गॅस बंद केला आणि खाली उतरले.

आम्ही तिघं बाजाराच्या रस्त्याला लागलो. मागे मोटारसायकल सुरू झाली. ती पुढे गेली नाही. आमच्याच चालीने येत राहिली.