जिजीचे दोन पासपोर्ट

"आत्यानं गडबडीत जुना पासपोर्टबी पिशवीत कोंबला, म्हणून इमानात बसली. नशीब म्हातारीचं, दुसरं काय!"

माझी थोरली बहीण जिजी हिच्या तेरवीला, अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरी, माझ्या पुतण्याने हे वाक्य पंगतीत उच्चारले आणि मंडळी हसली. मी ताटावर होतो, म्हणून गप्प बसलो. आता ताटावर नाही.

जिजी गडबड करणारी बाई नव्हती. भातकुलीला तिचा फुलांचा मळा होता. झेंडूची वाळलेली फुले इतर लोक उकिरड्यावर टाकत. जिजी ती फडक्यात बांधून ठेवी. मी एकदा हटकले, तर म्हणाली, "वाळलं म्हून फेकू काय? बी त्यातच असते न रे भाऊ."

इंग्रजी अक्षरे तिला येत नव्हती. आकडे मात्र येत, आणि हाती आलेल्या प्रत्येक कागदावरचे आकडे ती बोट ठेवून वाचल्याशिवाय राहत नसे. औषधाच्या पाकिटावरची मुदत ती अमरावतीच्या दुकानात उभ्या उभ्याच पाही. "हे त पुढच्या महिन्यात संपते. मले कावून देऊन राहिला?" असे विचारून तिने एका दुकानदाराला भर गर्दीत पाकीट बदलायला लावले होते.

तिची मुलगी अमेरिकेत. पहिलेच बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि जवळ जावयाखेरीज कोणी नाही. जिजीचा पासपोर्ट नुकताच नवा होऊन आला होता. जुन्याचा कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून तोही परत मिळाला होता. अमेरिकेचा व्हिसा त्या जुन्यातच होता आणि त्याची मुदत शिल्लक होती. असा व्हिसा चालतो, मात्र दोन्ही पासपोर्ट जवळ लागतात. मुलीने "व्हिसा आहे, काळजी नको" एवढेच कळवलेले. बाकीचे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने नवा पासपोर्ट पुढून-मागून चाळला. "आजी, यात व्हिसा नाही. व्हिसाशिवाय जाता येणार नाही."

जिजीने पिशवीतून जुना काढला, नेमके पान उघडले आणि आकड्यावर बोट ठेवले. "कोपरा कापला पोरी, हे पान नाई कापलं. हे साल त अजून यायचं हाये."

त्या मुलीने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून तपासले आणि तिला पुढे सोडले. चौथ्या दिवशी नात जन्मली, तेव्हा जिजी दवाखान्यात लेकीच्या उशाशी होती. परत आल्यावर तिने हे सारे मला सांगितले ते त्या काउंटरवरच्या पोरीचे कौतुक करीत. मला एका शब्दाने टोचले नाही.

पुतण्याकडे मी परवा तो विषय पुन्हा काढला. तो म्हणाला, "काका, तिले काय समजते त्यातलं? चुकून राह्यला असन पिशवीत."

चुकून राहणे शक्यच नव्हते. तहसील कचेरीच्या नोकरीत माझी उभी हयात गेली. रद्द झालेला कागद चालू कागदाशेजारी ठेवू नये, ही माझी शिस्त. जिजी भातकुलीहून निघाली त्या सकाळी तिची पिशवी मी स्वतः तपासली होती, आणि तो जुना पासपोर्ट तिच्यादेखत बाहेर काढून मीच कपाटात ठेवला होता.