शिस्त गेली

उस्ताद कुणाशीही बोलताना डावा डोळा मिटून घेत. समोर साहेब असो नाहीतर चहावाला, माणूस जरा लांब असला की डोळा आपोआप मिटायचा. नवख्याला वाटे, म्हातारा डोळा मारतोय. कॅन्टीनच्या बाईंनी तर एकदा तक्रारच केली होती.

मी तेव्हा दौंडच्या पोलीस कॅम्पात कारकून होतो आणि ते फायरिंग शिकवायचे. त्यांचा एकच मंत्र: "शिस्त घे, श्वास धर, मग दाब." रेंजवरच्या बोलीत शिस्त म्हणजे नेम. रायफलीची मागची खाच, पुढचं टोक आणि टारगेट एका रेषेत आलं की शिस्त बसली. नव्या पोरांना हे ठाऊक नसे. "तुझी शिस्त बिघडली," म्हटलं की बिचारी आपले बूट आणि पट्टा तपासायची. उस्ताद खो खो हसत.

हसायचे ते तेवढंच. बायको गेल्यावर क्वार्टरमध्ये एकटेच राहत. मुलगा मांडवगण फराट्याला शेती करायचा. एका एसटीचं अंतर, पण येणंजाणं नव्हतं. आईच्या आजारपणात यांनी रजा काढली नाही, हे तो विसरला नव्हता.

मग कॅम्पात लेझर आलं. रायफलीला डबी लावायची, घोडा दाबला की भिंतीवरच्या टारगेटवर लाल ठिपका उमटायचा. पहिला मान अर्थात उस्तादांचा. त्यांनी फार वेळ शिस्त घेतली. ठिपका टारगेटच्या बाहेर पडला.

"डबी नीट बसली न्हाई," ते म्हणाले.

त्याच रायफलीने पुढच्या पोराने ठिपका मधोमध टाकला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. मोतीबिंदूने उजवा डोळा गढूळ झाला होता, डावाही अंधुक होत होता; लिहिताना ओळी एकमेकींवर चढत.

"क्लार्कसाहेब, पोराला दोन ओळी लिवा. म्हणावं, माझी शिस्त गेली. एकदा येऊन जा."

"डोळ्याचं लिहू का? ऑपरेशनला बरोबर माणूस लागेल."

"पोलिसाच्या पोराला तेवढं कळतंय. सांगतो तेवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं.

महिनाभर ते मांडवगणच्या गाडीच्या वेळेला गेटवर उभे राहत. मुलगा आला नाही. ऑपरेशन राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टेशनजवळ खोली घेतली आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मला त्याहून उशिरा कळलं, याची लाज वाटते.

मुलगा कागदपत्रांसाठी ऑफिसात आला. मी त्याचा अर्ज भरायला घेतला.

"साहेब, आप्पा शेवटी लई प्यायचे का हो?"

"थेंबही नाही. का?"

त्याने खिशातून पत्र काढलं. "ह्यात लिवलंय, शिस्त गेली. मला वाटलं, बाटली धरली. आईला सोडून जी नोकरी केली, ती बी नीट करंनात. मग म्या गेलो न्हाई."

मी त्याला शिस्तीचा अर्थ सांगितला. डोळ्याचंही सांगितलं. त्याने पत्र पुन्हा उलगडून उजेडात धरलं.

"अक्षर आप्पांचं न्हाई," तो म्हणाला. "ज्यानं लिवून दिलं, त्याला तरी डोळ्याचं ठावं व्हतं का?"

"नसेल," मी म्हणालो, आणि उरलेला अर्ज त्यालाच भरायला दिला.