मी इंजिनिअर नाही

मी निघाले त्या सकाळी औरंगाबादच्या आमच्या गल्लीत मुंबईला जाणारी गाडी उभी होती आणि बाबा मावशीच्या सासऱ्यांना सांगत होते, "पोरगी जर्मनीला चालली. इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला."

मी डिकीत बॅग कोंबत होते. इंजिनिअरिंगशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली होती आणि स्टुटगार्टला त्याच विषयात मास्टर्स करायला निघाले होते. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. जन्मभर मशीनपाशी उभं राहून त्यांनी हाताखाली काम शिकलेली इंजिनिअर पोरं साहेब होताना पाहिली होती. माझ्या डिग्रीचं नाव चारचौघांत सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे काय?" आणि त्यांना उत्तर सुचायचं नाही. हे मला समजत होतं, तरी लागायचं ते लागलंच. सगळ्यांच्या पाया पडून गाडीत बसले आणि काच वर करण्याआधी मावशीच्या सासऱ्यांना म्हणाले, "आजोबा, मी इंजिनिअर नाही."

आई म्हणाली, "जाताना तरी वाद घालू नकोस."

स्टुटगार्टमध्ये भेटणारे मराठी लोक बहुतेक गाड्यांच्या कंपन्यांतले. पहिल्याच वर्षी, दोन हजार चौदात, बुद्धजयंतीला एका हॉलमध्ये सगळे जमलो होतो. पंधरा वर्षं इथे असलेल्या संजयदादांनी आपुलकीने चौकशी केली. मी विषय सांगितला. ते म्हणाले, "कम्युनिकेशन म्हणजे बोलणंच ना गं? ते तर सगळ्यांनाच येतं." मनात काही नव्हतं त्यांच्या. माझी खोली शोधायला तीन रविवार माझ्याबरोबर चढावावरच्या गल्ल्या तुडवणारा माणूस तो. पण ते वाक्य मी कित्येक महिने चघळत राहिले.

मास्टर्स झालं. नोकरी शोधायला दीड वर्षाचा व्हिसा मिळाला. वर्तमानपत्रं, जाहिरात एजन्सी, कंपन्यांचे प्रेस विभाग, सगळीकडे अर्ज केले. उत्तरं सभ्य भाषेत यायची आणि सगळ्यांचा अर्थ एकच असायचा: तुमचं जर्मन आमच्या जर्मनसारखं नाही. नोकरीसाठी सल्ला देणाऱ्या एका केंद्रात गेले, तर तिथल्या बाईंनी माझी फाइल अलगद मिटली. "इथे या डिग्रीवर अवलंबून राहू नका. पाळणाघरात मदतनीस हव्या आहेत. विचार करा."

पाळणाघराचं काम हलकं नाही, हे मला आज तिथे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींकडे बघून कळतं. पण माझी अर्धी फाइलही न वाचता त्यांनी मला तिकडे वळवलं होतं. मी "नाइन, डांके" म्हटलं आणि उठले. बाहेर येऊन बाकावर बसले. नाही म्हणून टाकलं होतं, पुढचं काही ठरलेलं नव्हतं.

पोटापाण्यासाठी मी एका बेकरीत काउंटरवर लागले होते. तिथे माझ्याबरोबर रीमा होती, सीरियातून आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मालकिणीने दुकानात पाव भाजायला नवी भट्टी आणली आणि तिचं जाडजूड माहितीपुस्तक आमच्यासमोर ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात रीमाचा हात भाजला. भट्टी स्वतःची सफाई करत असताना तिने दार उघडलं आणि आतली गरम वाफ मनगटावर आली. मालकीण म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय, उघडू नका."

मी पुस्तक घरी नेलं. लिहिलं होतं खरं. चौदाव्या पानावर, अकरा ओळींच्या एका वाक्यात, आणि त्या वाक्याचं क्रियापद अगदी शेवटी. ते वाक्य मला चार वेळा वाचावं लागलं. रीमा तर जेमतेम सहा महिने जर्मन शिकत होती. मला भयंकर राग आला. ज्याने हे लिहिलं, त्याने भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला कधी पाहिलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी बसून मी एक पान लिहिलं. छोटी वाक्यं, प्रत्येक वाक्यात एकच काम. सगळ्यात वर: लाल दिवा लागला असताना दार उघडू नका. माझं जर्मन साधंच होतं, आणि इथे मला साधंच हवं होतं. आधी रीमाला वाचायला दिलं. ती जिथे अडखळली, तिथलं वाक्य बदललं. मग पान भट्टीशेजारी भिंतीवर चिकटवलं.

महिनाभराने भट्टी तपासायला मेकॅनिक आला, पिकल्या मिशांचा हेर, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, बाउअर. पानासमोर उभा राहून त्याने ते पूर्ण वाचलं. "कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. आता ओरडा बसणार असं वाटलं.

"आल्झो, असं आहे तर," तो म्हणाला, "हे काम करणाऱ्या माणसांना पगार देतात, माहितीये ना तुम्हाला?" आणि बिलाच्या मागे त्याने दोन शब्द लिहून दिले: टेक्निशे रेडाक्टोरिन. मशीन कसं वापरायचं हे लोकांना समजेल असं लिहिणारी बाई.

इथे दोन वर्षं कम्युनिकेशन शिकूनही हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. मी पुन्हा अर्ज सुरू केले. स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या पुढे, पॅकिंगची मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून बोलावणं आलं. डिझाइन विभागाचे प्रमुख हेर फोख्ट यांनी माझा अर्ज वाचून म्हटलं, "तुम्ही इंजिनिअर नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "तुमचं मशीन चालवणाराही इंजिनिअर नसतो. त्याला काय समजत नाही, ते मला विचारता येतं."

ते हसले नाहीत. मशीनच्या माहितीपुस्तकातलं सफाईचं एक प्रकरण नव्याने लिहायला दिलं, मुदत एक आठवडा. पहिले तीन दिवस मी एक ओळ लिहिली नाही. मशीन चालवणाऱ्या माणसाजवळ उभी राहून बघत राहिले, विचारत राहिले. तेलाचा तो वास मला बाबांच्या शर्टामुळे लहानपणापासून ओळखीचा होता. शेवटी पानं दिली, तर फोख्टनी दोन इशारे काट मारून परत पाठवले. एवढं तर कुणालाही कळतं, म्हणाले. मी दोन्ही इशारे पुन्हा लिहिले आणि शेजारी कारण दिलं: मशीन चालवणाऱ्याने हीच चूक माझ्यासमोर दोनदा केली. व्हिसाचे दोन महिने उरले असताना मला नोकरीचं पत्र मिळालं. इशारे तसेच छापले गेले.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे शेवटी इंजिनिअरच झालीस की."

"नाही बाबा. इंजिनिअरला जे लिहिता येत नाही, ते मी लिहिते."

ते म्हणाले, "आमच्या कारखान्यात अशी एखादी असती, तर बरं झालं असतं." मग त्यांनी मला त्यांच्या पहिल्या मशीनबद्दल सांगितलं. त्याचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि विचारायची लाज वाटायची म्हणून ते नुसती चित्रं बघून शिकले होते. हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. नुकत्याच आलेल्या मुली फोन करतात, पत्रकारिता, जाहिरात असं काहीबाही शिकलेल्या, आणि आधी माफी मागितल्यासारखी आपली डिग्री सांगतात. मी त्यांना सांगते, माफी मागू नका, काम शोधा. त्याचं नाव कदाचित तुम्हाला अजून माहीत नसेल. तिकडे घरी राहिलेल्यांना एवढंच सांगायचंय की मी इथे वाट चुकून थांबलेली नाही.

गेल्या रविवारी आईने फोनवर नेहमीसारखं विचारलं, "घरी कधी येतेस?"

"चौदा एप्रिलला," मी म्हटलं, "जयंतीला येते तुमच्याकडे."

'तुमच्याकडे' हा शब्द तोंडून निघून गेला होता. दोघींनीही तो ऐकला. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "ये. आमच्याकडे जागा आहे."

मी शब्द मागे घेतला नाही. तिनेही नाही.