फहमिदाची सही

गुलमंडीत शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या इब्राहीमभाईंची फहमिदा हट्टी आहे, हे तिच्या आयटीआयच्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. ती काम करायची त्या चिकलठाण्यातल्या कारखान्याचे मालक तात्यासाहेब यांना ते कळायला अकरा वर्षं लागली. तोवर तिचा हट्ट त्यांच्या फायद्याचा होता, म्हणून त्याला ते गुण म्हणत.

कारखान्यात लोखंडाला भोकं पाडायची मशिनं तयार होत. ज्यावर लोखंड बसवतात ते टेबल सांगितलेल्या जागी नेमकं नेऊन थांबवायचं काम सर्व्हो मोटरचं, आणि त्या मोटरला वळण लावायचं काम फहमिदाचं. मोटर आपण किती फिरलो ते स्वतःच मोजते आणि चुकलं तर स्वतःच सावरते. किती जोरानं सावरायचं, तो आकडा म्हणजे गेन. फार वाढवला तर मोटर थरथरते, फार उतरवला तर आळसावते. फहमिदा मोटरवर तीन बोटं ठेवून तो आकडा ठरवायची. तपासणीच्या रिपोर्टवर तिची सही होऊन गेलेलं एकही मशीन आजवर परत आलं नव्हतं.

त्या मंगळवारी मात्र नवं मशीन नेहमीच्या गेनलाच शिट्टी मारू लागलं. अकराला पुण्याचं गिऱ्हाईक यायचं होतं.

"गेन उतरव," तात्यासाहेब म्हणाले. "गप्प बसेल ते."

"गप्प बसंल साहेब, बरं नाय व्हायचं. मोटर न् टेबलाचा स्क्रू जोडणारं कपलिंगच ढिलं हाय. उघडावं लागंल. अर्धा दिवस द्या."

"स्क्रीनवर चूक शून्य दिसतेय ना?"

"स्क्रीन मोटरचं सांगतंय. टेबल कुठं थांबलं, ते त्याला काय ठाऊक?"

"सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस."

इब्राहीमभाईंची नजर अधू झाल्यापासून दुकान बंद होतं; घरात पगार आणणारी ती एकटीच. पण फहमिदाचा राग त्या काळजीहून मोठा होता. अकरा वर्षं तिच्या बोटांवर मशिनं विकली आणि आज एका सहीसाठी ही भाषा! तिनं पेनाला टोपण लावलं आणि रिपोर्ट कोराच परत दिला.

तात्यासाहेबांनी स्वतः गेन उतरवला. गिऱ्हाईक आलं तेव्हा मशीन शहाण्यासारखं मुकाट चालत होतं. पुण्याच्या गृहस्थांनी रिपोर्ट उलटून पाहिला.

"यावर सही नाही?"

"राहिली असेल," तात्यासाहेब हसले. "बाई जरा विसराळू आहेत."

एवढं ऐकून गप्प बसणं फहमिदाच्या रक्तात नव्हतं.

"विसरले नाय. केली नाय." तिनं कपाटातून बारीकशी सरकही काट्यानं दाखवणारा डायल गेज काढला, त्याचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि टेबल दहा वेळा पुढंमागं पळवलं. दरवेळी स्क्रीनवर शून्य. डायलचा काटा मात्र पहिल्या जागी परतेना. शेवटी तो चार शतांश मिलिमीटर बाजूला जाऊन थांबला; भोक चुकायला एवढं पुरे होतं. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून काटा पाहिला आणि म्हणाले, "उघडा."

तात्यासाहेब तिच्या जवळ येऊन दातांतल्या दातांत पुटपुटले, "उद्या येऊ नकोस."

"नाय येत," फहमिदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण आज सहापर्यंत माझी ड्यूटी हाय. सरका तिकडं, उजेड अडतोय." आणि तिनं कव्हराचा पहिला स्क्रू सोडला.