मावशीची मागची खोली

दसरा झाला की आई मागच्या खोलीला चुना मारायला घ्यायची. दिवाळीनंतर नाशकात थंडी पडली की तिबेटी मावशी स्वेटरांचे गठ्ठे घेऊन यायची आणि संक्रांतीपर्यंत तिथं राहायची. देश सोडून पळताना ती बापाच्या पाठीवर होती, हे तिनंच एकदा सांगितलं. आपण होऊन विचारायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. नव्वदच्या सुमाराला मी एकदा "आई, स्वेटरवाली आली!" म्हणून ओरडले, तर पाठीत धपाटा बसला. "ती काय स्वेटर आहे? मावशी म्हण!"

आई तिच्याकडून भाडं घ्यायची. थोडंच, पण घ्यायची. म्हणायची, "फुकट राहणाऱ्याला मान खाली घालून यावं-जावं लागतं." एकदा किल्ली दिली की खोली मावशीची. धाकटा भाऊ न विचारता आत शिरला, तर आईनं त्याला माफी मागायला लावली होती.

आई गेली. तेराव्यानंतर भावानं हक्कसोडीचे कागद पुढे केले. आमच्याकडे बहिणी सही करतातच, न करणारीचं माहेर तुटतं. मी रडत रडत सही केली, वाचलंसुद्धा नाही. आता स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

वर्षश्राद्ध थंडीतच आलं, तेव्हा मागच्या खोलीतल्या मावशीला भावानं मुद्दाम बोलावलं. "आमच्या मातोश्रींनी निर्वासितांची सेवा केली," असं चार लोकांत भाषण ठोकलं आणि तिला शाल-नारळ दिला. अहो, लोकर विकणाऱ्या बाईला शाल! वर फोटोवाला तिला म्हणतोय, "इकडे बघा, हसा." ती बिचारी हसली.

पंगत उठल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. सकाळी कोणी अंगणात टेप लावून मापं घेताना तिनं पाहिलं होतं. "बेटी, अगले साल कमरा रहेगा ना?"

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात घर पाडतोय. बिल्डरशी बोलणं झालंय. आणि तू सही केलीयेस."

"मग मावशीला सांग तरी."

"तू सांग ना, तुझं तिच्याशी जमतं."

मी सांगणारच होते, देवाशप्पथ. आधी दुसरी खोली बघते, मग सांगते, असं मनाशी ठरवलं. पण जिथं जाईन तिथं एकच, "चिनी बाई नको हो." चिनी! कुणाकुणाला समजावू? मावशी संक्रांतीला गेली, तिच्या गावच्या घराशेजारच्या दुकानाचा नंबर देऊन. मी दोनतीनदा फिरवला. पलीकडून "हॅलो" आलं की ठेवून द्यायचे. पाऊसकाळही तसाच गेला.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. "ताई, ती आलीय. तू ये बाई, मला नाही सुचत काही."

घराच्या जागी तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता. रस्त्याच्या कडेला, वाळूच्या ढिगाशेजारी मावशी गठ्ठ्यावर बसली होती. बाकीचे चार गठ्ठे बाजूला. मी म्हणाले, "मावशी, मी खूप शोधलं, खरंच खूप..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात हातात घेतला.

"घर छूटने की तो हमको आदत है, बेटी. बस, पहले बता देती, तो मैं सामान कम बाँधती."